लोणार सरोवर : वैज्ञानिक संशोधनाचा इतिहास

महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावालगत बेसॉल्ट खडकात असलेले वर्तुळाकार विवर व त्याच्या तळाशी साचलेले खारट व क्षारीय पाण्याचे सरोवर. विवराचा सरासरी व्यास सु. १·८ किमी. व काठापासून सरोवराच्या पातळीपर्यंतची खोली सु. १५० मी. असून सरोवराचा व्यास सु. १·२ किमी. आहे. विवराचा काठ भोवतालच्या पठारापेक्षा सु. २० ते ३० मी. उंच उचललेला आहे. काठावरील व उतारावरील गोड्या पाण्याचे झरे आणि पावसाचे पाणी सरोवरात येते. परंतु ते बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. या बंदिस्तपणामुळेच येथे लवणे साठली, त्या लवणांमुळे आगळी जीवसृष्टी निर्माण झाली आणि तळाच्या गाळात हजारो वर्षांच्या पर्जन्यमानाची नोंद टिकून राहिली. विवराच्या उत्पत्तीच्या प्रश्नापासून सुरू झालेले येथील संशोधन गेल्या दोनशे वर्षांत रसायनशास्त्र, जीवविज्ञान व पुराजलवायुविज्ञान या शाखांपर्यंत कसे विस्तारत गेले, हे पाहिल्यास एका नैसर्गिक स्थळाचे निरनिराळे पैलू परस्परांशी किती घट्ट बांधलेले असतात, हे स्पष्ट होते.

प्राचीन परंपरा व लवणांचा उपयोग : लोणार हे नाव ‘लवण’ या शब्दाशी निगडित आहे. लवणासुर किंवा लोणासुर नावाच्या दैत्याचा विष्णूने येथे वध केला, अशी आख्यायिका असून गावातील दैत्यसूदनाचे मध्ययुगीन मंदिर तिचे स्मारक मानले जाते. विवराच्या काठावरील धार तीर्थाजवळ व सरोवरालगतही अनेक जुनी मंदिरे आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्ल याने रचलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात लोणारचा उल्लेख आहे. काच व साबण तयार करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात व त्यांपासून राज्याला महसूल प्राप्त होतो, असे त्यात नमूद केले आहे. म्हणजे निसर्गशास्त्रज्ञांचे लक्ष जाण्यापूर्वी कित्येक शतके हे सरोवर नैसर्गिक संपत्तीचे साधन म्हणून परिचित होते.

उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरल्यावर काठाच्या चिखलावर व उथळ पाण्यात लवणांचे थर जमत. ते गोळा करणाऱ्यांनी रंग, कठीणपणा व शुद्धता यांनुसार त्यांचे प्रकार ओळखले होते. दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की ही त्यांतील काही नावे होत. कपडे धुणे, साबण व काच तयार करणे, रंगकाम इ. कामांसाठी ही लवणे वापरली जात. रासायनिक विश्लेषणाची साधने नसतानाही लवणांचे हे वर्गीकरण व्यवहारात पुरेसे उपयुक्त होते. पुढे कारखान्यांत तयार होणारा सोडा स्वस्त मिळू लागल्यावर या व्यवसायाचे महत्त्व ओसरले.

प्रारंभीची वर्णने : सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या स्थळाच्या वेगळेपणाची नोंद केली. मुंबई येथील ए. बी. ऑर्लेबार यांनी १८३९ मध्ये सरोवराचे वर्णन प्रसिद्ध केले. दक्षिण ट्रॅप खडकांचा व त्यांतील जीवाश्मांचा अभ्यास करणारे जे. जी. माल्कमसन यांच्या १८४० मधील निबंधातही लोणारचा समावेश आहे. एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत वनस्पतींच्या समकेंद्री पट्ट्यांचाही उल्लेख येतो : उतारावर सामान्य झाडी, तिच्या आत चिंचेचा पट्टा, त्याच्या आत बाभळींचा पट्टा आणि शेवटी पाण्यालगत कोणतीही वनस्पती नसलेली चिखलाची पट्टी. पाण्याच्या जवळ जावे तशी जमिनीतील लवणता वाढत जाते व ती सोसण्याची क्षमता ज्या वनस्पतींत आहे त्याच तेथे टिकतात, याचा हा दृश्य पुरावा होता. त्या काळी मात्र त्याकडे केवळ एक कुतूहलाची बाब म्हणून पाहिले गेले.

ज्वालामुखी उत्पत्तीचा सिद्धांत : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (स्थापना १८५१) शास्त्रज्ञांनी विवराच्या उत्पत्तीचा पद्धतशीर विचार केला. एच. बी. मेडलिकॉट व डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ मधील भारताच्या भूविज्ञानावरील प्रमाणग्रंथात हे विवर ज्वालामुखी स्फोटाने निर्माण झाल्याचे मत मांडलेले आहे. वाहत्या पाण्याच्या झिजेमुळे सर्व बाजूंनी बंद असलेला असा वर्तुळाकार खळगा तयार होऊ शकत नाही. शिवाय काठावरील खडकांचे थर बाहेरच्या दिशेने कललेले असून त्यांवर फेकल्या गेलेल्या तुकड्यांची रास आहे. यावरून स्फोट झाला असला पाहिजे, हे अनुमान बरोबर होते. स्फोट घडविणारी शक्ती भूपृष्ठाखालील असली पाहिजे, हे मात्र गृहीत धरले गेले होते. भोवतालचा सर्व प्रदेश लाव्ह्याचा असल्याने हे गृहीत स्वाभाविक वाटे.

या सिद्धांतात एक मोठी अडचण होती. दक्षिण ट्रॅपचे लाव्हा प्रवाह सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ओतले गेले [⟶ दक्षिण ट्रॅप]. लोणारचे विवर मात्र अगदी ताजे दिसते : त्याचा काठ फारसा झिजलेला नाही व तळही पूर्णपणे भरून आलेला नाही. इतक्या अलीकडच्या काळातील ज्वालामुखी क्रियेचा दुसरा कोणताही पुरावा परिसरात आढळत नाही. टी. एच. डी. ला टूश व डब्ल्यू. ए. के. क्रिस्टी यांनी १९१२ मध्ये सर्वेक्षणाच्या अभिलेखांत लोणारवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पाणी व लवणे यांची रासायनिक विश्लेषणे दीर्घकाळ आधारभूत ठरली. परंतु उत्पत्तीचे स्पष्टीकरण भूपृष्ठाखालील क्रियांच्या चौकटीतच राहिले.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लोणारसारखेच एक विवर आहे. जी. के. गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकांनी १८९६ मध्ये त्याविषयी लिहिताना लोणारचा तुलनेसाठी उल्लेख केला. चंद्रावरील विवरे आघातांनी झाली असावीत, असे गिल्बर्ट यांनीच १८९३ मध्ये प्रतिपादन केले होते. ॲरिझोनातील विवराभोवती लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले असूनही ते विवर वाफेच्या स्फोटाने झाले असावे, या निष्कर्षाप्रत ते आले. दोन विवरांतील साम्य त्यांनी अचूक हेरले. परंतु त्यामुळे दोन्ही विवरांचा एकत्रच चुकीचा अर्थ लावला गेला.

अशनिपाताचा सिद्धांत : ॲरिझोनातील विवर अशनीच्या आघाताने झाले आहे, हे मत डी. एम. बॅरिंजर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. तेथील खडकांत कोएसाइट हे क्वॉर्ट्‌झचे अतिउच्च दाबाखाली तयार होणारे रूप १९६० मध्ये आढळल्याने या मताला निर्णायक पुष्टी मिळाली. त्यामुळे पृथ्वीवरील इतर वर्तुळाकार विवरांचा पुन्हा विचार सुरू झाला. सी. एस. बील्स व त्यांचे सहकारी यांनी १९६० मध्ये, तर ई. सी. लाफाँड व आर. एस. डीट्झ यांनी १९६४ मध्ये लोणार हे अशनिविवर असण्याची शक्यता मांडली. याच दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील व्ही. वेंकटेश यांनी भूरासायनिक पुराव्याच्या आधारे उत्पत्तीची चर्चा केली (१९६७). सागर विद्यापीठातील व्ही. के. नायक यांनी १९७२ मध्ये विवराच्या परिसरातील काचमय वस्तूंचे वर्णन करून त्या अशनिपाताच्या निदर्शक असाव्यात, असे सुचविले.

लोणारच्या बाबतीत विशेष अडचण अशी होती की, आघाताचे सर्वांत विश्वसनीय निदर्शक म्हणून मानली जाणारी क्वॉर्ट्‌झची रूपे येथे अपेक्षित नव्हती. कारण बेसॉल्टात क्वॉर्ट्‌झ जवळजवळ नसते. अशनीचे तुकडेही परिसरात आढळलेले नव्हते. त्यामुळे आघाताची खूण बेसॉल्टातील प्रमुख खनिजांतच शोधणे आवश्यक होते. बेसॉल्टातील प्लॅजिओक्लेज फेल्स्पार या खनिजावर आघातामुळे प्रचंड दाब आल्यास त्याची स्फटिकरचना मोडते व ते न वितळताच काचेसारखे बनते. या पदार्थाला मॅस्केलिनाइट म्हणतात. सामान्य ज्वालामुखी स्फोटात इतका दाब निर्माण होत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने विवराच्या तळाशी छिद्रणे घेतली. सरोवराखाली सु. १०० मी. जाडीचा गाळ असून त्याखाली खडकाच्या टोकदार तुकड्यांचा बनलेला कोणाश्म आहे, असे दिसून आले. के. फ्रेड्रिक्सन, ए. दुबे, डी. जे. मिल्टन व एम. एस. बालसुंदरम् या भारतीय व अमेरिकन संशोधकांनी १९७३ मध्ये या छिद्रणांतून व काठावरील चरांतून मिळालेल्या नमुन्यांचे निष्कर्ष सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तळाच्या कोणाश्मात शंकूच्या आकाराची भंगरचना व मॅस्केलिनाइट असलेले तुकडे आढळले. काठावर त्याहून तीव्र आघात सोसलेले तुकडे तसेच वितळलेल्या खडकाचे गोळे व सूक्ष्म गोलिका मिळाल्या. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वादाचा निर्णय अशा रीतीने विवराच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्या खडकांच्या सूक्ष्म परीक्षणावरून लागला.

चंद्राशी तुलना : हा निर्णय लागला तो काळही महत्त्वाचा होता. अपोलो मोहिमांनी (१९६९–७२) चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांत बेसॉल्ट व आघाताने तयार झालेल्या काचगोलिका विपुल होत्या. पृथ्वीवरील बहुतेक ज्ञात अशनिविवरे गाळाच्या किंवा ग्रॅनाइटी खडकांतील असल्याने त्यांच्याशी तुलना अपुरी ठरे. लोणार हे त्या वेळी पृथ्वीवरील बेसॉल्टातील एकमेव ज्ञात अशनिविवर होते. पुढे ब्राझीलमध्ये बेसॉल्टातील आघातरचना सापडल्या. परंतु त्या बऱ्याच झिजलेल्या असल्याने सुस्थितीतील साधे विवर म्हणून लोणारचे महत्त्व कायम आहे. एस. डब्ल्यू. कीफर व सहकारी यांनी १९७६ मध्ये लोणारच्या बेसॉल्टांचे आघाताच्या तीव्रतेनुसार वर्ग पाडले. आर. एफ. फुडाली व सहकारी यांनी १९८० मध्ये विवराच्या आकाराचा तौलनिक अभ्यास केला. चंद्र व मंगळ यांवरील बेसॉल्टी पृष्ठांचे नमुने समजून घेण्यासाठी लोणारचे खडक आजही तुलनेस घेतले जातात.

काही प्रश्नांवर मात्र मतैक्य नाही. काचेतील तापदीप्तीवरून (तापविल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून) १९९७ मध्ये विवराचे वय ५२,००० ± ६,००० वर्षे काढण्यात आले. उलट, वितळून थिजलेल्या खडकातील आर्गॉन या वायूच्या समस्थानिकांच्या मापनावरून २०११ मध्ये ते ५,७०,००० ± ४७,००० वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. पहिल्या पद्धतीत काच शेवटची तापल्यापासूनचा काळ मोजला जातो. दुसरीत मूळच्या प्राचीन बेसॉल्टातील आर्गॉन काही अंशी शिल्लक राहिल्यास त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. दोन वयांत दहापटींहून अधिक अंतर असल्याने विवराच्या झिजेचा व गाळ भरण्याचा वेगही त्यानुसार निरनिराळा येतो. लोणारच्या उत्तरेस जवळच असलेला अंबर तलाव हे दुसरे लहान अशनिविवर असावे, असे काही काळ मानले जात होते. परंतु २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर भूवैज्ञानिक सर्वेक्षणात त्यास पुष्टी मिळाली नाही.

पाण्याचे रसायनशास्त्र : सरोवराच्या क्षारीयतेचा संबंध पूर्वी भूगर्भातील उष्ण झऱ्यांशी किंवा ज्वालामुखी वायूंशी जोडला जाई. अशनिपाताचा सिद्धांत स्थिर झाल्यावर तसा स्रोत मानण्याचे कारण उरले नाही. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे बेसॉल्टाचे अपघटन होऊन सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात उतरतात. पाण्याचे बाष्पीभवन होत गेल्यावर कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची कार्बोनेटे प्रथम साक्याच्या रूपात खाली बसतात व सोडियमाची कार्बोनेटे आणि क्लोराइड पाण्यात राहून तीव्र होत जातात. पाण्याचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारीयता दर्शविणारा अंक) त्यामुळे सामान्यतः ९·५ ते १०·५ इतके असते. ही क्रिया चालू राहण्यास दोन गोष्टी आवश्यक आहेत : खोऱ्यातून पाणी बाहेर न जाणे आणि येणाऱ्या पाण्याच्या मानाने बाष्पीभवन पुरेसे असणे. यांपैकी पहिली गोष्ट विवराच्या रचनेने कायमची निश्चित केली आहे. दुसरी मात्र पर्जन्यमान व मनुष्याचा हस्तक्षेप यांनुसार बदलते.

जीवसृष्टी : इतक्या क्षारीय पाण्यात बहुतेक जलचर जगू शकत नाहीत, परंतु ज्या थोड्या जाती अशा परिस्थितीस अनुकूलित झाल्या आहेत त्यांची वाढ विपुल होते. सरोवराचा नेहमीचा हिरवा रंग मुख्यतः आर्थ्रोस्पायरा (स्पायरुलिना) या तंतुमय नील-हरित सूक्ष्मजीवांमुळे येतो. रेणवीय जीवविज्ञानाच्या पद्धती उपलब्ध झाल्यावर येथील सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासास वेग आला. इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस (२०१०) व सेसेंबिया लोणारेन्सिस (२०१२) हे लोणारच्या नमुन्यांतून विज्ञानास नव्याने ज्ञात झालेले सूक्ष्मजंतू होत. यांपैकी दुसऱ्याच्या जातिनामात लोणारचे व प्रजातिनामात हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांचे स्मरण आहे. क्षारीय माध्यमात कार्यक्षम राहणारी एंझाइमे, मिथेन निर्माण करणारे व मिथेनवर जगणारे सूक्ष्मजंतू यांवरही संशोधन झाले आहे.

विवराच्या उतारावर शुष्क पानझडी वन आहे. भोवतालच्या लागवडीखालील पठारात हे वन एखाद्या बेटासारखे असल्याने वन्य प्राण्यांना आश्रय मिळतो. वन्यजीवांच्या रक्षणासाठी २००० मध्ये सु. ३·६५ चौ. किमी. क्षेत्राचे लोणार अभयारण्य घोषित करण्यात आले. पक्ष्यांच्या १६०, सरीसृपांच्या ४६ व सस्तन प्राण्यांच्या १२ जातींची नोंद येथे झालेली आहे. त्यांत लांडगा तसेच पांढऱ्या मानेच्या करकोच्याचा समावेश होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर सूचीत झाला. नांदूर-मधमेश्वरनंतरचे हे महाराष्ट्रातील दुसरे रामसर स्थळ होय.

गाळातील नोंदी : मॉन्सूनच्या इतिहासाच्या दृष्टीनेही बंदिस्त सरोवराला विशेष महत्त्व असते. पाऊस कमी झाला की पाण्याची पातळी उतरते, लवणता वाढते व तिचा ठसा त्या वर्षांच्या गाळात राहतो. भारतीय व जर्मन संशोधकांनी सरोवराच्या तळातून काढलेल्या सु. १० मी. लांबीच्या गाळस्तंभात गेल्या सु. ११,००० वर्षांची नोंद मिळाली. गाळातील गेल्युसाइट (सोडियम व कॅल्शियम यांचे जलयुक्त कार्बोनेट) या खनिजाचे स्फटिक तीव्र बाष्पीभवनाचे निदर्शक ठरले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मध्य भारतात सु. ४,६०० ते ३,९०० आणि सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वी दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड होऊन गेले. विवर नसते तर या प्रदेशात अशी सलग नोंद क्वचितच टिकली असती. कारण वाहत्या नद्यांच्या खोऱ्यांत जुना गाळ पुढील पुरांनी वाहून जातो.

संवर्धनाचे प्रश्न : जे पाणी बाहेर जाऊ शकत नाही, त्यात आलेले दूषित द्रव्यही बाहेर जाऊ शकत नाही. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेतील आर. एम. बडवे व सहकारी यांनी १९९३ मध्ये सरोवराच्या सुपोषणाकडे (पोषक द्रव्ये प्रमाणाबाहेर वाढण्याच्या क्रियेकडे) लक्ष वेधले. वस्तीचे सांडपाणी व शेतातून वाहून येणारी खते ही त्याची प्रमुख कारणे होत. दुसऱ्या बाजूने, गोडे पाणी बाष्पीभवनाच्या मानाने अधिक प्रमाणात आल्यास क्षारीयता घटते व तिच्यावर अवलंबून असलेल्या सूक्ष्मजीवांची जागा सामान्य जलजीव घेऊ लागतात. म्हणजे सामान्य तलावाच्या दृष्टीने जो ‘सुधार’ ठरेल तोच येथे ऱ्हास ठरतो.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली व नमुन्यांची तपासणी झाली. पाण्याची पातळी घटून लवणता वाढल्याने लवणप्रिय आर्किया गटातील सूक्ष्मजीवांची वाढ झाली व त्यांच्या रंगद्रव्यामुळे पाण्याला ही छटा आली, असा निष्कर्ष आघारकर संशोधन संस्थेने काढला. पावसाने लवणता कमी होताच हे सूक्ष्मजीव तळाशी बसले व रंग निवळला. हा बदल नैसर्गिक असला तरी सरोवराचा समतोल पाण्याच्या थोड्याशा कमीअधिक प्रमाणानेही किती लवकर ढळतो, हे त्यावरून दिसून आले.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. स्मारक, अभयारण्य, तीर्थक्षेत्र व पाणथळ स्थळ अशा निरनिराळ्या नात्यांनी या एकाच स्थळाशी निरनिराळ्या यंत्रणांचा संबंध येतो. काठावरील बांधकाम, झऱ्यांच्या पाण्याचा वापर, वेड्या बाभळीसारख्या परक्या वनस्पतींचा प्रसार आणि सांडपाण्याची विल्हेवाट हे प्रश्न सुटे सुटे हाताळल्यास एका पैलूच्या रक्षणासाठी केलेला उपाय दुसऱ्यास बाधक ठरण्याचा संभव असतो. विवराच्या वयाचा प्रश्न, सूक्ष्मजीवांची अद्याप अज्ञात असलेली विविधता आणि खोलवरच्या गाळातील प्राचीन मॉन्सूनच्या नोंदी यांचा शोध अजून पूर्ण व्हावयाचा आहे. काठावरील आघातकाच उकरली गेली, तळाचा गाळ ढवळला गेला किंवा पाण्याचे रसायन कायमचे पालटले, तर हे पुरावे पुन्हा निर्माण होणारे नाहीत. म्हणून लोणारच्या संवर्धनात विवर, पाणी, वन व भोवतालचे पाणलोट क्षेत्र यांचा एकच घटक म्हणून विचार होणे अगत्याचे आहे.